साठ मीटरवरचं यान

“थांबलं,” कुरियन म्हणाला. “आपलं आपणच थांबलं. का?”

मी खिडकीला कपाळ टेकवून तरंगत होते. समोर साठ मीटरवर संभार उभं होतं. पांढरं, पोटात फुगीर, दोन्ही बाजूंना काळे सौरपंख पसरलेले. त्याच्या खालून समुद्र सरकत होता. त्या यानात माणूस नव्हता, कधीच नसायचा. अन्न, पाणी, सुटे भाग घेऊन ते जमिनीवरून यायचं, स्थानकाला चिकटायचं. आम्ही माल उतरवून घ्यायचो आणि रिकाम्या जागेत आमचा कचरा भरून त्याला सोडून द्यायचो. मग ते वातावरणात शिरून जळून जायचं. बाबा त्याला टेम्पो म्हणायचे. दर आठवड्याच्या फोनवर पहिला प्रश्न तोच. “काय वैजू, टेम्पो कधी येतोय तुमचा?”

या खेपेला टेम्पोत आमच्यासाठी पंप होता. स्थानक गार ठेवणाऱ्या दोन पंपांपैकी एक बंद पडून महिना झाला होता आणि उरलेला विव्हळत होता. नवा पंप आला नाही तर दिवाळीच्या आत स्थानक रिकामं करून परतावं लागेल, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्या काळी स्थानकात दोघंच राहायचो, मी आणि मॅथ्यू कुरियन.

“दोन डोळ्यांचं भांडण झालंय,” कुरियन पडद्याकडे बघत म्हणाला.

संभारच्या तोंडाशी दोन डोळे होते. एक लेझरचा, एक कॅमेऱ्याचा. दोघांनी वेगवेगळं सांगितलं की यान जागच्या जागी थांबायचं आणि खालच्या माणसांना विचारायचं, कुणाचं ऐकू? आत्ता लेझर म्हणत होता, मी डावीकडे घसरतोय. कॅमेरा म्हणत होता, सरळ आहे, चला.

कानातल्या यंत्रातून खालचा गलका ऐकू येत होता. मग तस्नीमचा आवाज आला. तस्नीम मुलाणी. कॅमेऱ्याचा डोळा तिच्या गटाने केला होता. मूळची मिरजेची, बाबांची विद्यार्थिनी, आमच्या घरात येऊन परस्पर फ्रिज उघडणारी.

“लेझर फसतोय,” ती म्हणाली. “स्थानकावर गेल्या महिन्यात नवं चकचकीत आवरण लावलंय. त्याच्यावरून किरण उलटा फिरतोय. कॅमेरा बरोबर आहे. पुढे घ्या.”

“तुझी खात्री?” संचालकांनी विचारलं.

“आहे, सर.”

“स्थानक पृथ्वीच्या सावलीत जायला किती वेळ?”

“फार नाही.”

“साखळकर सरांना माइक द्या.”

साखळकर सर म्हणजे माझे बाबा. लेझरचा डोळा त्यांनी वीस वर्षांपूर्वी बनवला होता. निवृत्त झाले होते, पण संभार येणार असलं की केंद्रातल्या मागच्या खुर्चीत जाऊन बसायचे, कुणी विचारलं तरच बोलायचे. आणि विचारलं की स्वतःच्या यंत्राची चूक आधी काढायचे. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी काचेतून बघत होते. खिडकीच्या काचेवर आडव्या-उभ्या बारीक रेघा कोरलेल्या असतात, समोरची वस्तू हलतेय का ते नुसत्या डोळ्यांनी समजावं म्हणून. संभार त्या रेघांच्या मधोमध होतं. चित्रात काढल्यासारखं.

“मला तर सरळ दिसतंय,” कुरियन म्हणाला. “पण मी बघतोय ते त्या कॅमेऱ्याचंच चित्र. माझ्या बोलण्याला काय अर्थ. तुला खिडकीतून कसं दिसतंय?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कानात बाबांचा आवाज आला. मला ओळखू येणारा, किंचित घोगरा.

“मागे घ्या.”

“सर, पण ते आवरण...” तस्नीम म्हणाली.

“मी लेझरवर विश्वास ठेवीन. मागे घ्या.”

कुरियनने माझ्याकडे बघून खांदे उडवले. “तुझे बाबा म्हणतायत तर म्हणतायत.”

संभार मागे सरकू लागलं. इतकं हळू, की आधी लक्षातही आलं नाही. मग ते रेघांच्या चौकटीत लहान होत गेलं. त्या पहिल्या माघारीतच त्याचं बरंचसं इंधन गेलं, दुसऱ्या खेपेला पुरेल इतकं उरलं नाही. चार दिवसांनी ते पॅसिफिकवर जळालं, आमच्या पंपासकट. महिन्याभरात दुसराही पंप बंद पडला आणि आम्ही स्थानक बंद करून खाली आलो. रिकामं स्थानक उन्हात तापून आतून निकामी झालं. ते पुन्हा वापरात यायला दोन वर्षं लागली.

*

खाली आल्यावर मला चालता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण भिंतीला धरून. मान डोक्याचं ओझं घ्यायला तयार नसायची. बाबा मला केंद्राच्या वसाहतीतल्या घरी घेऊन आले. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. त्यानंतर त्या घरात आम्ही दोघंच. कर्नाटकात तीस वर्षं काढून बाबांचं मराठी जसंच्या तसं राहिलं होतं आणि कन्नड भाजीवालीपुरतं आलं होतं.

ते इतके खूश होते की मला अवघडल्यासारखं व्हायचं. सकाळी उठून माझ्यासाठी थालीपीठ थापायचे. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आधाराशिवाय गेले की टाळ्या वाजवायचे.

“बाबा, मी एक वर्षाची नाहीये.”

“त्या वयात तू लवकर चालली होतीस. आता वेळ लावतेयस.”

पण दुपारी जेवण झालं की ते बाल्कनीत जाऊन बसायचे आणि तासन्‌तास बोलायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारपण.

चौकशी चालू होती. संभार का परतलं, याचा निष्कर्ष जवळजवळ ठरलेला होता. साखळकर सरांनी लेझरवर विश्वास ठेवला, म्हणजे कॅमेरा चुकला. कॅमेरा कुणाचा? तस्नीमचा. तिने ऐन वेळी ‘पुढे घ्या’ म्हटलं, म्हणजे तिने स्थानक धोक्यात घातलं होतं. यान जळून गेलेलं, त्यामुळे डोळे उघडून तपासायची सोयच नव्हती. तिला गटप्रमुख पदावरून काढलं आणि जुन्या यंत्रांच्या गोदामावर बसवलं. पक्का अहवाल आला की नोकरीही जाणार, असं लोक बोलत होते.

एका रविवारी ती घरी आली. या खेपेला फ्रिज उघडला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली.

“कशी आहेस ताई?”

“मान दुखते. तू?”

“मी मजेत. गोदामात पाली खूप आहेत. त्यांना नावं ठेवलीयत. एकीचं नाव समिती.”

मी हसले. बाबा हसले नाहीत. कॉफी करायला म्हणून उठले आणि आत बराच वेळ राहिले. बाहेर आले तेव्हा कपात कॉफी अर्धीच होती, बशीत सांडलेली.

“सर,” तस्नीम म्हणाली, “एक विचारायचं होतं. रागावू नका. मी रोज तेच डोळ्यांसमोर आणते. आवरण, किरणाचा कोन, सगळं. मला अजून माझंच बरोबर वाटतं. तर माझं कुठे चुकलं तेवढं सांगा. मग मी गप्प बसेन. गोदामात जन्म काढेन.”

“आकडे जुळत नव्हते,” बाबा म्हणाले.

“ते मलाही दिसत होतं, सर. तुम्हाला अजून काय दिसलं?”

“कॉफी घे, गार होईल.”

तिने निमूटपणे कॉफी घेतली. जाताना वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेली. तिच्यात तशी पद्धत नव्हती, आमच्या घरात येऊन उचललेली. बाबांनी पाय मागे घेतले. इतक्या झटक्यात, की ती तशीच वाकलेली राहिली.

दार लागल्यावर मी म्हणाले, “बाबा, असं का केलंत?”

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“तिचं कुठेच चुकलं नाही,” ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही.

“लेझर फसला होता, वैजू. तस्नीम बोलायच्या आधी मला कळलं होतं. असा उलटा किरण मी चाचण्यांमध्ये पाहिलाय, पन्नास वेळा. आकडा बघितला की ओळखतो मी.”

“मग ‘मागे घ्या’ का म्हणालात?”

“शंभरातून दोन वेळा असं असू शकतं की मी चुकलो, आणि टेम्पो खरंच घसरत होता. तसं असतं तर तो तुमच्यावर येऊन आदळला असता. त्या दोन वेळांमध्ये तू होतीस.”

“कुरियनपण होता.”

“हो. नुसता कुरियन असता तर मी ‘येऊ द्या’ म्हटलं असतं. आजवर सगळ्यांच्या मुलांसाठी तेच म्हणत आलो. अठ्ठ्याण्णवावर भरवसा ठेवायचा, दोनाला घाबरायचं नाही, हे मीच शिकवलं त्या पोरीला. आणि वेळ आली तेव्हा तिने माझं ऐकलं, मी नाही.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

“मला बरं वाटलं होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“तुमचा आवाज ऐकून. ‘मागे घ्या’ म्हणालात तेव्हा. मला घरी यायचं होतं, बाबा. त्या पंपाच्या आवाजाने झोप लागत नव्हती. कुरियनला कधी बोलले नाही, पण...”

“माहीत आहे मला. फोनवर तुझा आवाज ऐकत होतो ना.” त्यांनी चष्मा घातला. “ते कुणाला सांगू नकोस. थकणं हा गुन्हा नाही. मी केलं तो आहे.”

*

दुसऱ्याच दिवशी ते समितीकडे गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, डबा न घेता, चालत. मला वाटलं होतं संध्याकाळी कोसळून परत येतील. ते दुपारीच आले, चिडलेले.

“त्यांनी मला काजू दिले, वैजू!”

“काय?”

“काजू. बशीत. मी सांगतोय की मी घाबरलो, मी खोटं बोललो, एका हुशार मुलीला बळी दिलं, आणि अध्यक्ष राघवनबाई बशी पुढे सरकवतायत. ‘साखळकर, आम्ही समजू शकतो.’ काय समजू शकता? ‘विद्यार्थिनीसाठी स्वतःवर घेताय. असे गुरू आता राहिले नाहीत.’ तो दुसरा, टकल्या, उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्याचे डोळे भरले होते! लेकाचा!”

मला हसू आलं.

“मग?”

“मग काय. मी म्हणालो, मी खोटं बोलतोय असं म्हणताय का तुम्ही? तर म्हणे, ‘खोटं नाही सर, मोठ्या मनाने बोलताय.’ अरे! आयुष्यभर खरं बोललो त्याची ही शिक्षा. आता मी खोटं बोललो हे कुणाला पटेना.”

ते आत-बाहेर येरझाऱ्या घालत होते. मग एकदम थांबले.

“साक्षीदार एकच आहे,” ते म्हणाले.

“कुरियन पडद्यावर बघत होता. पडदा कॅमेऱ्याचा, म्हणजे तो जमेत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघणारं माणूस एकच होतं. मी राघवनबाईंना तसं सांगितलं. उद्या तुला बोलावणार आहेत.”

“बाबा, त्यांनी मला परतल्यावर सगळं विचारलं होतं. खिडकीचं कुणी विचारलंच नाही.”

“कारण मी बोललो होतो. मी बोलल्यावर विचारायचं काय उरलं? आता विचारतील. काय दिसलं होतं तुला?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांनी मला इतक्या दिवसांत केला नव्हता. मीही सांगितलं नव्हतं.

“मधोमध होतं,” मी म्हणाले. “अजिबात हलत नव्हतं.”

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, अवघड गणित सुटल्यासारखी.

“झालं तर मग. तेवढंच सांगायचं.”

“आणि मग तुमचं काय?”

“माझं काय व्हायचंय? निवृत्त माणूस. मुंडकं उडवणार आहेत का? बस इथे. मी राघवनबाई, तू तू. चल.”

“बाबा, नको.”

“चल म्हणतो ना. लहानपणी तोंडी परीक्षेच्या आधी कसं करायचो? हं. श्रीमती साखळकर...”

“कुमारी.”

“बरं, कुमारी साखळकर. यान हलत होतं का?”

“मला वाटतं...”

“‘मला वाटतं’ नाही. तुला वाटण्याबद्दल कुणी विचारलं नाही. दिसलं ते सांग. यान हलत होतं का?”

“नाही.”

“मोठ्याने.”

“नाही!”

“तुमच्या वडिलांचं नाव खराब होईल, हे तुम्हाला कळतंय का?”

ते पुढे झुकले. त्यांच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता.

“त्या असं विचारणार नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण तुझ्या डोक्यात ते येणार. तेव्हा त्या मुलीकडे बघ. तीसुद्धा असेल तिथे. माझ्याकडे बघू नकोस. यान हलत होतं का?”

“नाही.”

“शाबास.”

आणि ते उठून वरणाला फोडणी द्यायला गेले. गुणगुणत होते. मला बरं वाटलं. खरंच. मला वाटलं, आमच्या घरातला हा माणूस दोन महिन्यांनी परत आला.

*

समितीची खोली मोठी होती आणि फार गार. लांब टेबलाच्या टोकाला राघवनबाई, त्यांच्या बाजूला तिघंजण. तस्नीम भिंतीजवळ बसली होती, हातरुमालाची सुरळी करत. बाबा खिडकीखालच्या खुर्चीत. त्यांनी भांग नीट पाडला होता. मी काठी घेऊन आत गेले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. ते मला नको होतं.

राघवनबाई चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे काही लोकांनी त्यांना कठोर ठरवलं. त्यांनी मला खुर्चीत उशी आहे ना ते पाहिलं, पाणी दिलं.

“आम्ही तुम्हाला फार वेळ बसवून ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांचा आम्हाला सगळ्यांना आदर आहे. या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय. त्यांनी आम्हाला एक सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

“मग मला एवढंच विचारायचं आहे. संभार साठ मीटरवर थांबलं तेव्हा तुम्ही खिडकीशी होतात. ते स्थिर होतं का?”

मी उत्तर द्यायच्या आत त्या पुढे बोलल्या. आवाज मऊ होता.

“माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी प्रशिक्षणात त्या खिडकीच्या नमुन्यातून पाहिलंय. समुद्रावरून उजेड उलटून येतो. डोळे दिपतात. इतक्या महिन्यांच्या थकव्यानंतर कुणालाही नक्की सांगता येणं कठीण. तुम्हाला खात्री देता येत नसेल, तर ‘सांगता येत नाही’ हेही उत्तरच आहे. त्याने तुमच्याबद्दल कुणाचंही मत वाईट होणार नाही.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. ‘सांगता येत नाही’ एवढे तीन शब्द. मग बाबांचं बोलणं मोठ्या मनाचंच राहिलं असतं, अहवालात कॅमेराच चुकला असता आणि तस्नीम गोदामातूनही गेली असती.

मी तस्नीमकडे बघितलं. तिची मान खाली होती.

“खात्री आहे,” मी म्हणाले. “उजेड माझ्या मागच्या बाजूला होता. यान रेघांच्या मधोमध होतं. स्थिर होतं. शेवटपर्यंत.”

“तुमच्या वडिलांनी ‘मागे घ्या’ म्हटलं तेव्हाही?”

“तेव्हाही.”

टकले गृहस्थ काहीतरी लिहायला लागले. राघवनबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “धन्यवाद,” त्या म्हणाल्या, आणि यावेळी आवाज मऊ नव्हता. तो माझ्यासाठी नव्हताच. त्या बाबांकडे बघत होत्या. इतकी वर्षं ज्याच्याकडे मान वर करून बघितलं, तो माणूस खुर्चीत बसून नक्की किती उंच आहे, याचा अंदाज घेत असल्यासारख्या.

घरी जाताना गाडी बाबांनीच चालवली. फाटकाशी चौकीदाराने नेहमीसारखा सलाम केला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

“छान बोललीस,” बाबा म्हणाले. “मुद्द्याचं. ‘उजेड मागच्या बाजूला होता’ हे आपण पाठ केलं नव्हतं. ते चांगलं सुचलं.”

“सुचलं नाही, बाबा. होता.”

“हो, हो. तेच म्हणतो मी.”

पुढच्या वळणावर त्यांनी भाजीवालीजवळ गाडी थांबवली आणि कन्नडमध्ये घासाघीस करून मेथी घेतली.

*

तस्नीमला तिचा गट परत मिळाला. पुढच्या संभारला कॅमेऱ्याचे दोन डोळे लावले. लेझर काढून टाकला. ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच होतं. केंद्रातल्या एका प्रयोगशाळेला बाबांचं नाव देणार होते, तो विषय पुन्हा निघाला नाही. मागची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. रविवारी घरी येणारी मुलं येईनाशी झाली. कुणी भांडून तोडलं नाही, नुसतं येणं राहून गेलं. बाजारात जुने सहकारी भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, फार सविस्तर, म्हणजे बाबांशी बोलावं लागणार नाही.

बाबांनी एकदाही तक्रार केली नाही. मला दोष तर नाहीच. ते पहिल्यासारखेच विनोद करायचे, बातम्यांना शिव्या घालायचे, पुस्तकं वाचून दाखवायचे. फक्त बातम्यांत यानं-बिनं निघाली की उठून पाणी प्यायला जायचे. मी पुन्हा वर गेले नाही. बोलावणं आलं होतं. मानेचं कारण दिलं.

या फेब्रुवारीत ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. वसाहतीतली मोजकी माणसं आली. राघवनबाईंनी हार पाठवला. तस्नीम तीन दिवस राहिली, स्वयंपाकघर तिनेच सांभाळलं. आता ती केंद्रात बरीच वर आहे, फोन सारखा वाजत असतो, तो तिने बंद करून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाबांचे कपडे बाजूला काढत होतो. तिने एक शर्ट घडी घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “ताई, एक सांगू? सरांसारखं कुणाला जमलं नसतं. स्वतः उठून सांगायचं. आणि तुला तयार करायचं. त्या दिवशी तू बोललीस तेव्हा त्यांना किती हलकं वाटलं असेल ना?”

त्या दिवशी समितीच्या खोलीत ती खाली मान घालून बसली होती. तिला बाबांचा चेहरा दिसला नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “खूप.”

आणि आम्ही पुढचा शर्ट घेतला.

त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्याकडे बघू नकोस. उत्तर देईपर्यंत मी बघितलं नाही. ‘शेवटपर्यंत’ हा शब्द तोंडातून गेल्यावर मात्र मान आपोआप वळली, शाळेत कविता म्हणून झाल्यावर वळायची तशी. मला वाटलं ते डोळे मिटून मान हलवत असतील.

पंगतीत एखादा माणूस पानावर हात आडवा धरतो. नको, पुरे, खरंच नको. मनापासून म्हणतो, पोट भरलेलं असतंच. आणि वाढणारी ऐकते, आग्रह न करता खरंच पुढच्या पानाकडे निघून जाते. त्या वेळी तो जसा बघतो, तसे बाबा माझ्याकडे बघत होते. हात अजून पानावर, आणि चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य.

क्षणभरच. मग ते सावरले, आणि ओठांनी, आवाज न करता, म्हणाले, शाबास.